पायींची वहाण

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला त्या दिवशी मी दिवाणावर बसून होते आणि उजवा पाय दोन उशांवर ठेवलेला होता. टाके नुकतेच निघाले होते. दरवर्षी मी एखादी पाककृती देते, नाहीतर सहलीचा वृत्तान्त तरी. यंदा माझी सहल झाली ती घाटकोपरच्या घरापासून रुग्णालयापर्यंत आणि परत. आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकून पंधरा दिवस होऊन गेले होते. तेव्हा डोळ्यांसमोर जो विषय होता त्याच्यावरच लिहावे असे ठरविले. विषय आहे पायाचा अंगठा. भगिनींनी हसू नये. या अंगठ्याला मोठा इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा आपला बायकांचा आहे.

‘पायींची वहाण पायींच बरी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. माझ्या लहानपणी ती बहुधा बाईमाणसाला उद्देशूनच म्हटली जाई. सून दोन शब्द अधिक बोलली, मुलीने पुढे शिकण्याचा हट्ट धरला, की घरातले कोणीतरी वडीलधारे ही म्हण ऐकवीत. गंमत अशी, की ज्या बायकांना ती ऐकवली जाई त्यांतल्या पुष्कळजणींच्या पायांत वहाण मुळी नसेच.

माझी आजी रत्नागिरीकडच्या एका खेड्यात राहिली. जन्मभर ती अनवाणी चालली. कातळ तापलेला असे तेव्हाही, आणि आषाढात चिखल होई तेव्हाही. तिची पावले मला अजून दिसतात. टाचांना भेगा, तळवे चामड्यासारखे राठ. पण बोटे पंख्यासारखी पसरलेली, आणि अंगठा आपल्या जागी सरळ, इतर बोटांपासून थोडा सुटा. घसरड्या बांधावरून डोक्यावर भारा घेऊन ती जाई तेव्हा अंगठा जमिनीत रोवून चाले. त्या पायांना दुखणी नव्हती असे नाही. काटा मोडे, कुरूप होई, पावसाळ्यात चिखल्या होत. परंतु माझ्या पायाला झाले ते तिच्या पायाला कधी झाले नाही.

मला झाले होते ते असे. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, हाड पुढे आले होते, आणि अंगठा उलट दिशेला, शेजारच्या बोटावर रेलला होता. इंग्रजीत याला ‘बनियन’ म्हणतात. डॉक्टर लोक ‘हॅलक्स व्हॅल्गस’ म्हणतात. मराठीत मी नाव शोधले, मिळाले नाही. पायाच्या दुखण्यांना आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. भोवरी आहे, कुरूप आहे, जळवात आहे, चिखल्या आहेत. सुश्रुतसंहितेत तर कुरुपाला ‘कदर’ असे नाव असून, ते कापून काढावे आणि ती जागा तापलेल्या तेलाने डागावी असा उपायही दिला आहे. मात्र या वाकड्या अंगठ्याला आपण ‘अंगठ्याचे हाड वाढले’ एवढेच म्हणतो. माझा आपला तर्क असा, की ज्या समाजातले बहुतेक लोक अनवाणी किंवा मोकळ्या वहाणेत चालत, त्यांना या दुखण्यासाठी वेगळा शब्द घडविण्याची पाळी आली नसावी.

आणि ‘हाड वाढले’ हेही तितकेसे खरे नाही, हे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. पावलात बोटांच्या मागे पाच लांब हाडे असतात. त्यांतले अंगठ्यामागचे हाड हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते, आणि अंगठा मात्र बाहेर, बोटांकडे झुकतो. दोहोंच्या सांध्यावर कोन तयार होतो. तो कोन म्हणजेच आपल्याला दिसणारा उंचवटा. त्यावर चपलेचा पट्टा घासला की वरची कातडी जाड होते आणि आत पाण्याची पिशवी सुजते. म्हणजे हाड वाढलेले नसते, सरकलेले असते. हा फरक लहान वाटतो, परंतु शस्त्रक्रियेचा सारा इतिहास या फरकावर उभा आहे. तो पुढे सांगते.

आधी जोड्यांविषयी. आपल्याकडे पूर्वी पादत्राणे नव्हती असे नव्हे. खडावा होत्या, वहाणा होत्या, पुणेरी जोडे होते, चढाव होते, कोल्हापुरी चपला होत्या. पण कोणी काय घालावे आणि कोणासमोर काढावे याचे नियम कडक. कित्येक गावांतून दलितांना वरच्या आळीतून जाताना पायताण हातात घ्यावे लागे. बायकांनी तर जोडा घालणे हाच उद्धटपणा. काशीबाई कानिटकर आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांनी पायांत जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालण्याचे धाडस केले तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. आनंदीबाई लहानाच्या मोठ्या झाल्या त्या आपल्याच मध्य रेल्वेवरच्या कल्याणला. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना वारल्या. आज आपण सकाळी चप्पल अडकवून भाजी आणावयास निघतो तेव्हा ती साधी गोष्ट आपल्याला कोणी मिळवून दिली याची आठवण आपल्याला होत नाही. व्हायला हवी.

तिकडे विलायतेत मात्र उलटाच प्रकार चालला होता. तिथे जोडे सर्वांनाच हवे होते, पण त्यांचा आकार पायाला विचारून ठरत नव्हता. चौदाव्या शतकात युरोपात लांब चोचीच्या जोड्यांची चाल पडली. केंब्रिज गावातील जुन्या दफनभूमींतून निघालेल्या १७७ सांगाड्यांची पावले तेथील संशोधकांनी तपासली आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या सांगाड्यांत अंगठा वाकडा झालेले शेकडा ६ होते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत ते शेकडा २७ झाले. शिवाय ज्यांचे अंगठे वाकडे होते त्यांच्यात पडून हाडे मोडल्याच्या खुणाही अधिक दिसल्या. मेलेल्या माणसाचे पाऊलसुद्धा त्याने कोणता जोडा घातला होता ते सांगते म्हणायचे!

पीटर कॅम्पर नावाच्या हॉलंडमधल्या विद्वान वैद्याने १७८१ साली उत्तम जोडा कसा असावा यावर एक लहानसे पुस्तकच लिहिले. हा गृहस्थ मोठा शरीरशास्त्रज्ञ होता. एवढ्या माणसाने जोड्यांवर लिहावे याचे लोकांना नवल वाटले असेल. परंतु घोड्याच्या नालेची जेवढी काळजी घेतात तेवढी माणसाच्या पायाची कोणी घेत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. पुढे १८५८ मध्ये झुरिचच्या हरमान फॉन मायर यांनी तोच मुद्दा आकृत्या काढून मांडला. पावलाचा पुढचा भाग हातपंख्यासारखा रुंद आणि जोड्याचे टोक मात्र मधोमध निमुळते; मग अंगठ्याने जावे कुठे?

तरीही कोणी म्हणेल, हे सगळे तर्क झाले, पुरावा काय? तो पुरावा १९५८ साली हाँगकाँगमधून आला. तेथे लॅम सिम-फूक आणि हॉजसन या दोन डॉक्टरांनी जोडे घालणाऱ्या ११८ आणि अनवाणी राहणाऱ्या १०७ चिनी लोकांची पावले तपासली. जोडेवाल्यांत वाकड्या अंगठ्याचे प्रमाण शेकडा ३३ होते, अनवाण्यांत शेकडा २ सुद्धा नव्हते. लोक एकाच वंशाचे, फरक पायांतल्या जोड्याचा. आपल्या देशातही मंगळुराकडच्या डॉक्टर राव आणि जोसेफ यांनी २,३०० मुलांची पावले तपासून १९९२ साली दाखविले, की जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण अनवाणी मुलांच्या तिपटीएवढे आहे. तो आजार निराळा, परंतु बोध तोच.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. सारा दोष जोड्यांवर टाकून चालत नाही. माझ्या एका मावशीने उभ्या जन्मात बंद जोडा पाहिला नाही, तरी तिचा अंगठा वाकडा होता; तिच्या मुलीचाही आहे. सांध्यांचा सैलपणा, पावलाची ठेवण या गोष्टी घराण्यातून उतरतात, आणि हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळते. डॉक्टर म्हणाले, “बीज घरचे असते, जोडा त्याला खतपाणी घालतो.” मला ते पटले.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अंगठ्यावर हत्यार चालवणे म्हणजे जिवाशी खेळ होता. भूल नव्हती, आणि जखम पिकली तर पाय किंवा प्राण जाई. १८४६ साली बॉस्टनला ईथरची भूल यशस्वी झाली, दुसऱ्याच वर्षी क्लोरोफॉर्म आले, आणि १८६७ साली लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतरच, ज्याने जीव जात नाही पण जगणे नकोसे होते, अशा दुखण्यांसाठी सुरी हातात घेण्याचा धीर वैद्यांना झाला. योगायोगाने आपल्या मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय त्याच सुमारास, १८४५ साली, सुरू झालेले.

त्याआधी वैद्य समजत की तो उंचवटा म्हणजे नवे वाढलेले हाड. तासून टाकले की काम झाले. तासूनही पुष्कळांचे दुखणे परत येई. १८७० च्या सुमारास जर्मनीतल्या कार्ल ह्यूटर यांनी या व्याधीला आजचे नाव दिले आणि दोष सांध्याच्या जागेत आहे हे दाखवले. मग विचार पालटला. हाड सरकलेले आहे, तर ते सरळ करावे! १८८१ मध्ये जिनिव्हाच्या रेव्हर्डिन यांनी हाडाचा पाचरीएवढा तुकडा काढून अंगठा सरळ केला. कातडीचे बारीक तुकडे लावून जखम भरून आणण्याची युक्ती काढणारे रेव्हर्डिन ते हेच.

पुढची शंभर वर्षे म्हणजे एकामागून एक युक्त्यांची मालिका. १९०४ साली अमेरिकन लष्करातले शल्यविशारद केलर यांनी अंगठ्याच्या हाडाचा मुळाकडचा भागच काढून टाकण्याची रीत प्रसिद्ध केली. ती सोपी म्हणून अनेक वर्षे जगभर चालली. परंतु अंगठा आखूड आणि लुळा पडे, आणि चालताना भार बाकीच्या बोटांवर येई. १९२८ मध्ये मॅकब्राइड यांनी हाडाऐवजी स्नायूंच्या दोऱ्यांची ओढ बदलून पाहिली. १९३४ मध्ये लॅपिडस यांनी दोष आणखी मागे, पावलाच्या मध्यावरच्या सांध्यात आहे असे मानून तो सांधाच कायमचा जोडून टाकला. १९५८ साली मिचेल यांची रीत प्रसिद्ध झाली. पुढे ऑस्टिन यांनी हाडाला इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा छेद देऊन डोके सरकविण्याची पद्धत रूढ केली. आणि ‘स्कार्फ’ नावाची जी पद्धत १९८० नंतर पसरली तिचे नाव तर सुतारकामातून आले आहे. दोन फळ्या लांबीत जोडताना सुतार जशी तिरपी खाच पाडून एकीवर दुसरी बसवतो, तसे हाड लांबीत कापून, अर्धा भाग बाजूला सरकवून, बारीक स्क्रूंनी पक्के करतात. आता तर काही ठिकाणी मोठा छेद न घेता, बारीक भोकांतून, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हे काम करतात. आजवर या एका अंगठ्यासाठी शंभराहून अधिक रीती सुचवल्या गेल्या. एका दुखण्याला जेव्हा शंभर औषधे असतात तेव्हा त्यांतले एकही सर्वांना लागू नाही असे समजावे. कोणत्या पावलाला कोणती रीत, हे क्ष-किरणांचे चित्र घेऊन, कोन मोजूनच ठरवावे लागते.

मग आपल्या मुंबईत काय होते? १८८६ साली कामा रुग्णालय उघडले आणि तिथे डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टरांच्या हाती बायकांचे उपचार आले. पुरुष डॉक्टरपुढे पाऊलही उघडे करू न शकणाऱ्या बायकांना दवाखान्याची पायरी तिथे प्रथम चढता आली. १९२६ साली परळला के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. तरी अस्थिशल्यचिकित्सा ही स्वतंत्र शाखा आपल्याकडे रुजायला वेळ लागला. तिची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली ती १९५५ साली. आणि त्या काळच्या डॉक्टरांपुढे वाकड्या अंगठ्यापेक्षा कितीतरी मोठी संकटे होती. पोलिओने लुळे पडलेले पाय होते, हाडांचा क्षय होता, गिरण्यांतले आणि रेल्वेचे अपघात होते.

या संदर्भात एका बाईचे नाव आपल्या मंडळाने विसरू नये. फातेमा इस्माईल. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी धावाधाव करता करता त्यांच्या लक्षात आले की अशी मुले मुंबईत घरोघर आहेत आणि त्यांना कोणी वाली नाही. १९४७ साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली, आणि तिच्यातून हाजी अलीला मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच हाजी अलीला १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही आहे. आपल्या उपनगरांतल्या कित्येक आया मुलाला कडेवर घेऊन, लोकलने, मग बसने तिथवर जात असत. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पोरांच्या पायांचा प्रश्न सुटला, तेव्हा कुठे आज्यांच्या पायांकडे पाहायला सवड मिळाली, असे म्हटले तरी चालेल.

उपनगरांचा आणि पायांचा संबंध निराळाच आहे. अंधेरी, घाटकोपर १९५० साली आणि मुलुंड, बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आली. वस्ती वाढली, बायका नोकरीला लागल्या, आणि चाळिशीतली गृहिणी सकाळी आठ वाजता लोकलच्या दांडीला लोंबकळू लागली. जोडे करणारी वस्तीही आपल्याच शेजारी. कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत घराघरांतून जोडे शिवले जातात, आणि जोगेश्वरीला करोना साहूचा कारखाना होता. खास बायकांची लोकल सुरू झाली ती १९९२ साली, ५ मे रोजी, चर्चगेट ते बोरिवली. तोवर आणि त्यानंतरही, उभे राहूनच आमचा जन्म गेला.

मी १९७४ साली लग्न होऊन घाटकोपरला आले आणि फोर्टमधल्या एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे नोकरी केली. पहिला पगार झाला तेव्हा टोकदार, उंच टाचेचे सँडल घेतले. आजी अनवाणी होती, आईच्या पायांत लग्नानंतर प्रथम चप्पल आली. मला वाटले, मी सँडल घातले म्हणजे घराणे पुढे गेले. पायाला लागत होते ते पहिल्याच दिवशी कळले. पण नव्या सँडलने चावायचेच असते अशी आपली समजूत. तो चावा मी वीस वर्षे सहन केला.

परंतु या लेखाची खरी मानकरी मी नव्हे, माझ्या सासूबाई. त्यांचे दोन्ही अंगठे माझ्यापेक्षा वाकडे होते. उजवा तर शेजारच्या बोटाखाली गेला होता. त्या बोटात जोडवे. अंगठ्याच्या दाबाने बोट सुजून जोडवे कातडीत रुतून बसले होते. पावसाळ्यात तिथे जखम होई, आणि सासूबाई हळद भरून गप्प बसत. हळदीकुंकवाला गेल्या की पाय काठाखाली झाकून घेत. १९८५ च्या सुमारास यांनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल. निदान ही जोडवी तरी सोनाराकडून कापून घ्या, नाहीतर बोट गमवाल. सासूबाई तिथून उठूनच आल्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, “मी सवाष्ण आहे. जोडवी कशी काढू? ह्यांना काही झालं तर?” सासरे स्वतः म्हणाले, “अगं, मला काही होत नाही, काढ.” तरी नाही. मीही त्यांना फारसा आग्रह केला नाही. त्या वेळी मलाही आतून थोडी भीती वाटत होती, हे आज कबूल करते.

१९८९ साली सासरे गेले. तेराव्याच्या आत जोडवी निघाली. सोनाराने घरी येऊन कापली. जखम महिन्याभरात भरली. पुढे एकदा मी धीर करून म्हटले, “आई, आता ऑपरेशन करून घेऊ या का?” त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, “आता कुठे चालत जायचंय मला?” त्यानंतर आठ वर्षे त्या होत्या. घरातल्या घरात, भिंत धरून. घाटकोपरच्या गच्चीवरून त्यांना मुलुंडपर्यंतचे डोंगर दिसत. तेवढाच त्यांचा प्रवास.

मी त्यांना दोष देत नाही. जोडवी हे आपले लेणे आहे, त्यात श्रद्धा आहे, प्रेमही आहे. पण लेणे जेव्हा बोटात रुतते तेव्हा ते लेणे राहत नाही. हे त्या वेळी कोणीतरी त्यांना मायेने समजवायला हवे होते. आणि घरातली ती ‘कोणीतरी’ मीच होते.

यंदा माझी पाळी आली. दुखणे असे वाढले की बाजारातून येताना दोनदा बसावे लागे. घरात चर्चा झाली. लेक म्हणाली, “आई, या वयात कशाला?” शेजारणी म्हणाल्या, “अंगठ्यासाठी कोणी ऑपरेशन करतं का?” डॉक्टरांनी मात्र सर्व स्पष्ट सांगितले. केवळ पाय सुंदर दिसावा म्हणून हे करू नये. दुखत असेल, चालणे अडत असेल, रुंद चपलेनेही भागत नसेल, तरच करावे. मधुमेह असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा मंद असेल तर आधी त्याचा विचार करावा. सहा आठवडे कडक तळव्याचा खास जोडा घालावा लागतो, सूज कित्येक महिने रेंगाळते, अंगठा थोडा ताठ राहू शकतो, आणि काहीजणींचे दुखणे काही वर्षांनी परतही येते. एवढे ऐकून मी होय म्हटले.

आदल्या दिवशी परिचारिकेने फोनवर सांगितले, अंगावर कोणताही धातू नको, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी सर्व काढून या. मी पाटावर बसले आणि मला जोडव्याला हात लावेना. कित्येक वर्षांपूर्वीचे सासूबाईंचे वाक्य कानांत घुमू लागले असे कोणी म्हणेल. तसे काही झाले नाही, मी नुसती बसून राहिले. हे आले, खाली बसले, बोटाला थोडे तेल लावले आणि जोडवी फिरवत फिरवत काढली. म्हणाले, “चांदी आहे. पुन्हा घालता येते.” ती त्यांनी देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली.

कमरेखालचा भाग बधिर करून तासाभरात काम झाले. हाड कापून सरकवले, दोन बारीक स्क्रू बसवले. दुसऱ्या दिवशी टाचेवर भार देऊन मी चार पावले चालले. आज पाचवा आठवडा आहे. सूज आहे. अंगठा सरळ दिसतो. तो किती काळ सरळ राहील ते वर्षभराने कळेल. तेव्हा शस्त्रक्रिया कराच, असे मी कोणाला सांगत नाही. एवढे मात्र सांगते. संध्याकाळी, पाय दिवसभराने थोडे फुगलेले असतात तेव्हा, कागदावर उभ्या राहा आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढा. मग आपली रोजची चप्पल किंवा जोडा त्या आकृतीवर ठेवा. जोडा आकृतीहून अरुंद असेल, तर तुमचा अंगठा रोज कुठे जात असेल याचा विचार करा. आणि नातवंडांना घरात अनवाणी खेळू द्या.

मंडळाच्या पुढच्या सभेत हा कागदाचा प्रयोग सर्वांनी मिळून करावा अशी माझी सूचना आहे. कागद आणि पेन्सिली मी आणीन. ज्यांची पावले सांगतील की दुखते, त्यांनी काठाखाली पाय झाकू नयेत.

वहाण आपल्या आधीच्या बायकांनी दगड खाऊन पायांत घातली. ती पायाला बसेल अशी घेणे, आणि न बसली तर काढून ठेवणे, एवढे तरी आपल्याला जमले पाहिजे. जोडवी अजून करंड्याशेजारीच आहेत. सूज उतरली की मी ती घालीन, सैल करून. वर्धापनदिनाला मी येणार आहे. खुर्ची दारापाशी ठेवू नये. मी चालत आत येईन.